‘त्यांना सांगून उपयोग नाही’ म्हणण्याआधी: वेगवेगळ्या वयाच्या माणसांनी एकत्र काम करताना

पिढ्यांमधल्या दरीवर बोलायला बसलं की दहा मिनिटांत दोन याद्या तयार होतात. ज्येष्ठांची यादी अशी: ही मुलं फोन उचलत नाहीत, वेळ संपली की उठतात, प्रत्येक गोष्टीला ‘का?’ विचारतात. तरुणांची यादी अशी: हे लोक एका ओळीच्या कामासाठी मीटिंग बोलावतात, रात्री अकराला मेसेज टाकतात, आणि ‘आम्ही वीस वर्षं असंच करतोय’ याच्या पुढे काही जात नाही. दोन्ही याद्या शांतपणे वाचल्या तर त्यांत स्वभावाबद्दल फारसं काही सापडत नाही. फोन करायचा की मेसेज, उत्तर किती वेळात द्यायचं, कोणी कोणाला प्रश्न विचारायचा, असे हे नियम आहेत. प्रत्येकाला ते पहिल्या नोकरीत, पहिल्या साहेबाकडून, त्या काळच्या साधनांसोबत मिळाले. ते कधी कोणी मोठ्याने बोललं नाही, तरी सगळ्यांना तेच ठाऊक असणार असं जो तो धरून चालतो.

म्हणून या लेखात ‘तरुणांना कसं सांभाळावं’ किंवा ‘ज्येष्ठांशी कसं बोलावं’ असल्या टिपा नाहीत. न बोललेले नियम शोधायचे, समोर मांडायचे आणि सगळ्यांनी मिळून नव्याने ठरवायचे, एवढाच कार्यक्रम आहे. ऑफिस असो, संस्थेची कार्यकारिणी असो की स्वयंसेवकांचा गट, पद्धत तीच.

पहिली पायरी: पिढीचं लेबल काढून प्रसंग लिहा

मिलेनियल म्हणजे १९८१ ते १९९६ मध्ये जन्मलेले, जेन झी म्हणजे १९९७ पासून पुढचे, ही वर्षं बऱ्याच जणांना पाठ असतात. ती रूढ करण्यात अमेरिकेतल्या प्यू रिसर्च सेंटरचा मोठा वाटा. त्याच संस्थेने २०२३ मध्ये जाहीर केलं की यापुढे ही लेबलं आपण जपून वापरू. त्याआधी २०२० मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमींच्या अहवालाने तर स्पष्टच म्हटलं होतं की कर्मचारी व्यवस्थापनाचे निर्णय पिढीच्या लेबलावर घ्यावेत असा भक्कम पुरावा नाही.

अडचण अशी की तीन गोष्टी एकमेकींत मिसळतात: माणसाचं आजचं वय, आत्ताचा काळ आणि त्याचं जन्मवर्ष. पंचविशीतला माणूस लवकर नोकरी बदलतो, ते तो अमुक पिढीचा म्हणून, पंचविशीत सगळेच बदलतात म्हणून, की सध्या बाजारात मागणी आहे म्हणून? नुसतं बघून हे सांगता येत नाही. आणखी एक गोष्ट हमखास निसटते. नवखेपणा आणि तरुणपणा एक नव्हेत. पन्नाशीत नव्या ठिकाणी रुजू झालेला माणूस पहिले काही आठवडे तेच ‘बाळबोध’ प्रश्न विचारतो, जे बाविशीतली मुलगी विचारते. तिच्या प्रश्नांना आपण ‘आजकालची पिढी’ म्हणतो आणि त्याच्या प्रश्नांना ‘नवीन आहेत अजून’.

तर करायचं असं: गेल्या दोन महिन्यांत खरोखर खटकलेले पाच-सहा प्रसंग कागदावर उतरवा. माणसाचं नाव आणि वय लिहू नका. प्रत्येक प्रसंगात दोनच गोष्टी नोंदवा: प्रत्यक्षात काय झालं, आणि माझी अपेक्षा काय होती. ‘तो बेजबाबदार आहे’ असं लिहायला बंदी. ‘काम पूर्ण झाल्याचं कळवलं नाही, मला वाटलं होतं झाल्यावर मेसेज येईल’ असं लिहा. मग प्रत्येकापुढे खूण करा की अडचण साधनाची होती (फोन, मेल, ग्रुप), वेळेची होती, अधिकाराची होती (कोणी बोलायचं, कोणी ठरवायचं), की नुसतं ऐकू आलं किंवा दिसलं नाही. बहुतेक प्रसंग या चार खणांत बसतात. उरलेला एखादा खरोखरच स्वभावाचा निघेल. तो त्या एका माणसाशी बोलून सोडवा, त्याच्या पिढीला मध्ये ओढू नका.

दिसणं आणि ऐकू येणं

हा भाग छोटा आहे, पण हाच सगळे टाळतात. चाळिशी-पंचेचाळिशीच्या सुमारास डोळ्यातल्या भिंगाची लवचीकता कमी झालेली जाणवू लागते आणि जवळचं अक्षर धूसर होतं. वयानुसार ऐकू कमी येतं तेव्हा आधी उंच पट्टीचे आवाज जातात. स, श, फ असे वर्ण त्याच पट्टीत असतात. म्हणून माणसाला आवाज येतो पण शब्द लागत नाही, विशेषतः चार जण एकदम बोलत असतील तेव्हा. मग तो मान डोलावतो आणि भलतंच करून ठेवतो. बघणाऱ्याला वाटतं, यांचं लक्ष नसतं.

‘तुम्हाला ऐकू येतंय ना?’ असं चारचौघांत विचारू नका. उत्तर कायम ‘हो’च येणार. सगळ्यांसाठीच सोय करा. पडद्यावरचं अक्षर मोठं, एका वेळी एकच जण बोलणार, ऑनलाइन मीटिंगला हेडसेट आणि जमत असतील तर सबटायटल्स, आकडे आणि तारखा तोंडी सांगितल्या तरी लिहून पाठवायच्या. बीएमडब्ल्यूने २००७ मध्ये जर्मनीतल्या डिंगोल्फिंगच्या कारखान्यात एका लाइनवर मुद्दाम जास्त वयाचे कामगार घेतले आणि काय बदलावं हे त्यांनाच विचारलं. सत्तरच्या आसपास बारीक बदल झाले: लाकडी फरशी, भिंगं, पडद्यावर मोठी अक्षरं. खर्च किरकोळ आला, उत्पादकता वर्षभरात ७ टक्के वाढली. असे बदल तरुणांनाही सोयीचेच असतात.

मेसेजचा करार

सगळ्यात जास्त गैरसमज इथे होतात, म्हणून सगळ्यात जास्त वेळ इथेच द्या.

लिहिलेल्या मजकुरात आपला सूर समोरच्याला कळतो ही आपली समजूत किती पोकळ आहे, याचा एक प्रयोग २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. ईमेल लिहिणाऱ्यांना वाटत होतं की वाचणारा उपरोध आणि गांभीर्य यांतला फरक ७८ टक्के वेळा ओळखेल. वाचणाऱ्यांनी तो ओळखला ५६ टक्के वेळा, म्हणजे नाणं उडवण्यापेक्षा जरासंच बरं. हे वय बाजूला ठेवून. त्यात वयाची भर पडली की आणखी गुंता. अमेरिकेतल्या बिंगहॅम्टन विद्यापीठातल्या २०१५ च्या अभ्यासात विद्यार्थ्यांना पूर्णविराम दिलेलं एका शब्दाचं उत्तर कमी मनापासूनचं वाटलं. शाळेत विरामचिन्हांसाठी छड्या खाल्लेल्या माणसाने ‘ठीक आहे.’ असं शुद्ध लिहावं आणि वाचणाऱ्या मुलीने दुपारभर ‘सर चिडलेत का?’ म्हणून झुरावं, हे रोज घडतं. दोघांपैकी कोणाचंच चुकलेलं नसतं.

अंगठ्याच्या इमोजीची तर गोष्टच वेगळी. कोणासाठी ती पोच, कोणासाठी होकार, कोणासाठी ‘बरं, आता पुरे’. कॅनडाच्या सस्कॅचेवान प्रांतात धान्य खरेदीदाराने जवसाच्या कराराचा फोटो पाठवला, शेतकऱ्याने नुसता अंगठा पाठवला. शेतकऱ्याचं म्हणणं, मी फक्त मिळाल्याचं कळवलं. न्यायालयाने २०२३ मध्ये तो होकार धरला आणि सुमारे ८२ हजार कॅनेडियन डॉलरची भरपाई द्यायला लावली. तुमच्या ग्रुपवर एवढा भुर्दंड बसणार नाही, पण ‘मी अंगठा दिला म्हणजे मी येतो म्हटलं नव्हतं’ हा वाद होतोच.

यासाठी तासाभराची एक बैठक घ्या. सुरुवातीला कोणी बोलायचं नाही. प्रत्येकाने कागदावर चार प्रश्नांची उत्तरं लिहायची:

तातडीचं काम असेल तर मला कसं गाठावं?
साध्या मेसेजला मी किती वेळात उत्तर देणं रास्त आहे?
माझ्या अंगठ्याचा, ‘ओके’चा, नुसत्या निळ्या टिकांचा अर्थ काय?
कामाची वेळ संपल्यावर आलेल्या मेसेजचं मी काय करतो?

मग कागद वाचून दाखवा. यात गंमत असते, आणि खरी माहितीही. ज्यांना सगळे ‘मेल न वाचणारे’ समजतात ते मेल छापून फाइलला लावत असल्याचं कळतं. ‘फोन न उचलणारी’ मुलगी सांगते की अचानक फोन आला की काहीतरी वाईट झालंय असंच वाटतं, आधी एक ओळ आली तर आनंदाने बोलते. यानंतर ठरवायला घ्या, आणि ठरवताना मोठ्यांचं की लहानांचं हा निकष ठेवू नका. काम काय आहे ते बघा. साधारण कुठेही चालेल अशी मांडणी अशी:

आज दोन तासांत उत्तर हवं असेल तर फोन. त्याआधी शक्य असल्यास ‘पाच मिनिटं बोलू का, अमुक विषय’ एवढी ओळ. नंतर पुरावा लागेल अशा गोष्टी (रक्कम, तारीख, मंजुरी) मेलवर किंवा ठरवलेल्या एकाच जागी. ग्रुपवर फक्त सगळ्यांशी संबंध असलेल्या गोष्टी. चूक दाखवायची असेल किंवा वाद असेल तर लिहायचंच नाही, बोलायचं. व्हॉइस नोट चालेल, पण त्यात तारीख किंवा आकडा असेल तर खाली एक ओळ टाइप करायची. अंगठा म्हणजे ‘वाचलं’. होकार द्यायचा असेल तर ‘करतो’ किंवा ‘येते’ असा शब्द.

रात्रीच्या मेसेजचं काय? ज्येष्ठ सांगतात, ‘सुचलं तेव्हा टाकतो, उत्तर लगेच द्या असं कुठे म्हटलंय?’ ते खरंच बोलत असतात. पण साहेबाच्या मेसेजवर ‘लगेच’ असा शिक्का न मारताच उमटलेला असतो. त्यामुळे जबाबदारी पाठवणाऱ्याची. मेलमध्ये शेड्यूल करून ठेवायची सोय असते, ती वापरा. नाहीतर पहिला शब्द ‘उद्या’ लिहा.

हे सगळं एका पानात बसवा. दोन पानांचा नियम कोणी पाळत नाही.

मोठ्यांसमोर तोंड उघडता येणं

२७ मार्च १९७७ रोजी स्पेनच्या तेनेरीफ बेटावरच्या विमानतळावर धुक्यात दोन बोइंग ७४७ विमानं, एक डच कंपनी केएलएमचं आणि दुसरं अमेरिकी कंपनी पॅन अॅमचं, एकमेकांवर आदळली आणि ५८३ माणसं गेली. केएलएमचं विमान धावपट्टीवर वेग घेत होतं तेव्हा त्यातल्या फ्लाइट इंजिनियरने शंका काढली होती की पॅन अॅमचं विमान धावपट्टीवरून हटलंय ना? कॅप्टन ठामपणे ‘हो’ म्हणाला. तो कंपनीतला नावाजलेला प्रशिक्षक. इंजिनियरने विषय पुढे रेटला नाही. इथे लक्षात घ्यायची गोष्ट म्हणजे तो इंजिनियर कॅप्टनच्या जवळपास समवयस्क होता. त्याचं तोंड मिटलं ते पदामुळे. १९७९ मध्ये नासाने घेतलेल्या कार्यशाळेनंतर वैमानिकांच्या प्रशिक्षणात ‘कनिष्ठाने कसं बोलावं आणि वरिष्ठाने कसं ऐकावं’ हा स्वतंत्र विषय झाला, आणि पुढे तो शस्त्रक्रियागृहांपर्यंत पोहोचला. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००८ च्या शस्त्रक्रिया-चेकलिस्टमध्ये चिरा देण्याआधी प्रत्येकाने नाव आणि काम सांगायचं असतं. एकदा तोंड उघडलेला माणूस पुढे शंका बोलून दाखवायला कमी कचरतो.

यातून आपल्या मीटिंगसाठी चार गोष्टी उचलता येतात.

एक, खोलीतला सर्वांत वरिष्ठ माणूस मत शेवटी देतो. ‘मला वाटतं आपण हे करावं, तुमचं काय म्हणणं?’ हा प्रश्नच नव्हे. उत्तर देऊन झालेलं असतं.

दोन, बोलण्याआधी लिहा. जर्मनीत बेर्न्ड रोरबाख यांनी १९६८ मध्ये ६-३-५ नावाची पद्धत मांडली: सहा जण, प्रत्येकी तीन कल्पना, पाच मिनिटं, मग कागद शेजाऱ्याकडे. सहा फेऱ्यांत अर्ध्या तासात १०८ कल्पना कागदावर. एवढं शास्त्रोक्त नको असेल तर नुसती तीन मिनिटं शांतपणे लिहायला द्या. हजरजबाबी माणसाचा आणि मोठ्या आवाजाचा फायदा तिथेच निघून जातो. विचार करून बोलणाऱ्या ज्येष्ठांनाही हे आवडतं, असा माझा अंदाज होता तो बऱ्याचदा खरा ठरलेला पाहिला आहे.

तीन, काम घेणाऱ्याने ते आपल्या शब्दांत परत सांगायचं. ‘म्हणजे मी शुक्रवारपर्यंत फक्त गेल्या वर्षाचे आकडे काढायचे, तुलना नंतर, बरोबर?’ हे कनिष्ठाकडून परीक्षा घेतल्यासारखं वदवून घेऊ नका. वरिष्ठांनीही कनिष्ठाची मागणी तशीच परत सांगावी. दोन्ही बाजूंनी झालं की त्यातला अपमान जातो.

चार, विरोधाची शिडी ठरवून ठेवा. अमेरिकेतल्या रुग्णालयांत ही तीन पायऱ्यांत शिकवतात. मराठीत ती अशी चालेल: ‘मला याची काळजी वाटते.’ ऐकलं नाही तर, ‘मला हे बरोबर वाटत नाही, मन मानत नाही.’ तरीही नाही तर, ‘यात नुकसान आहे, आपण थांबू या.’ तिसरं वाक्य कोणीही उच्चारलं की काम थांबवून दोन मिनिटं ऐकायचं, हे वरिष्ठाने आधीच सर्वांसमोर कबूल करायचं. ही कबुली नसेल तर शिडीचा उपयोग शून्य. उद्धट न दिसता आग्रह धरायला शब्द हाताशी लागतात. ते आधीच मंजूर असले की बोलणाऱ्याला मर्यादा सोडल्यासारखं वाटत नाही.

हाक काय मारायची तेही सरळ विचारून घ्या: सर, मॅडम, ताई, दादा की नुसतं नाव. साठीतल्या कोणाला नावाने हाक आवडते आणि तिशीतल्या साहेबाला ‘सर’ हवं असतं, असंही निघतं. प्रश्नाला दहा सेकंद लागतात. अंदाजाने वर्षभर अवघडलेपण राहतं.

चूक दाखवताना

‘का?’ या शब्दावर किती संबंध बिघडलेत! विचारणाऱ्याला बहुधा कारण हवं असतं, म्हणजे पुढच्या वेळी न विचारता करता येईल. ऐकणाऱ्याला तो उलटतपासणी वाटतो. विचारणाऱ्याने हेतू आधी ठेवावा: ‘पुढच्या वेळी मला एकटीला करता यावं म्हणून विचारते, हे आधी का पाठवायचं असतं?’ उत्तर देणाऱ्याने खरं कारण द्यावं, आणि ठाऊक नसेल तर ‘पद्धत पडली आहे, बघू या अजून गरज आहे का’ असं म्हणावं. अर्ध्या जुन्या पद्धती या एका उत्तराने सुटतात. उरलेल्या अर्ध्यांमागे मात्र चांगलं कारण निघतं, आणि ते तरुणांनी ऐकण्यासारखं असतं.

‘हे आम्ही करून पाहिलंय’ या वाक्यावर मी तरी बंदी घालणार नाही. त्यात अनुभव आहे. फक्त ते तिथे थांबू नये. केव्हा केलं, काय बिघडलं, आणि तेव्हाची कोणती परिस्थिती आज बदलली आहे, एवढं जोडा. मग ते वाक्य दार लावत नाही.

तरुण वरिष्ठ आणि वयाने मोठा कनिष्ठ, ही जोडी सर्वांत नाजूक. अशा वरिष्ठाने दोन टोकं टाळावीत: काका म्हणून काही बोलायचंच नाही, आणि अधिकार दाखवायला चारचौघांत बोलायचं. पहिल्याच आठवड्यात समोरासमोर बसून एवढं म्हणा: ‘निर्णयाची जबाबदारी माझी आहे. या कामातला तुमचा अनुभव माझ्याहून जास्त आहे. माझं चुकतंय असं वाटलं तर मला कधी आणि कसं सांगाल?’ चूक दाखवायची वेळ आली तर एकांतात, त्याच दिवशी, एका कामापुरती. ‘तुमच्या वयात’ हे शब्द कौतुकातसुद्धा नकोत.

स्तुतीचंही तसंच. कोणाला दर आठवड्याला दोन शब्द लागतात, कोणाच्या लेखी साहेब काही बोलले नाहीत म्हणजेच काम चांगलं झालं. विचारून घ्या.

शिकवणं दोन्ही बाजूंनी

जनरल इलेक्ट्रिकचे प्रमुख जॅक वेल्च यांनी १९९९ मध्ये पाचशे वरिष्ठ अधिकाऱ्यांना तरुण कर्मचाऱ्यांकडून इंटरनेट शिकायला लावलं, तेव्हापासून ‘उलटी गुरुशिष्य जोडी’ लोकप्रिय आहे. बहुतेक ठिकाणी तिचं काय होतं? तरुण माणूस फुकटचा कॉम्प्युटर दुरुस्त करणारा होतो. दर दोन दिवसांनी ‘हे जरा बघ ना’. तो कंटाळतो, ज्येष्ठांना ओशाळवाणं वाटतं.

ती चालवायची असेल तर जोडीला खरं काम द्या. उदाहरणार्थ, वार्षिक हिशेब नव्या एक्सेल शीटमध्ये आणायचा: एकाला शीट येते, दुसऱ्याला कोणती नोंद कुठे फसवते ते ठाऊक. देवाणघेवाण आपोआप होते. एक नियम कडक पाळा: माउस शिकणाऱ्याच्या हातात. शिकवणाऱ्याने हात मागे बांधून बसावं. तसंच उलट, ग्राहकाचा अवघड फोन तरुणाने करावा, ज्येष्ठाने शेजारी बसून फक्त ऐकावं आणि नंतर सांगावं.

निवृत्त होणाऱ्या माणसाला ‘तुम्हाला येतं ते सगळं लिहून द्या’ म्हटलं की चार पानं मिळतात, सगळी निरुपयोगी, कारण त्याला जे सहज येतं ते लिहिण्यासारखं वाटतच नाही. अपवाद विचारा. शेवटचं मोठं बिघडलं होतं ते काय? सगळ्यांच्या आधी तुम्हाला कशावरून कळलं? कोणता नियम तुम्ही कधीकधी मोडता, आणि कधी? कोणाला फोन केल्यावर काम होतं? हे प्रश्न एखाद्या नवख्याने विचारावेत आणि रेकॉर्ड करावेत, आणि निवृत्तीच्या आठवड्यात नको, तर काही महिने आधी, म्हणजे एखादा तसा प्रसंग प्रत्यक्ष घडताना सोबत बसता येईल.

नंतर

ठरलेलं पान सहा आठवड्यांनी काढा आणि जे कोणी पाळलंच नाही ते खोडा. बहुधा ते ठरवताना कोणीतरी भिडेखातर मान डोलावलेली असते. या वेळी आधी त्यांना विचारा. नवीन कोणी रुजू झालं, मग ते बावीस वर्षांचं असो की बावन्न, पहिल्या दिवशी ते पान हातात द्या. महिन्याभराने विचारा, ‘आमच्याकडे तुम्हाला विचित्र काय वाटलं?’ हा प्रश्न तिसऱ्या महिन्यापर्यंत लांबवू नका. तोवर त्यांनाही सवय झालेली असते आणि काही सांगता येत नाही.